बारमधल्या पोकर लीगसाठी स्वस्तात चिप्स घेताना

आठवड्याच्या मधल्या वारी अर्धा रिकामा असणारा बार, जोडून लावलेली दोन टेबलं, सोळा-अठरा खेळाडू आणि नुसत्या गुणांवर चालणारी लीग. एवढ्यासाठी चिप्स, म्हणजे डावात लावायच्या गोल चकत्या, घ्यायला गेलात की विक्रेता हमखास एकच गोष्ट पुढे करतो, ती म्हणजे वजन. ‘कॅसिनोवाला माल आहे साहेब, चौदा ग्रॅम!’ तो आकडा डोक्यातून काढूनच दुकानाची पायरी चढा.

कॅसिनोंमध्ये वापरात असलेल्या, साच्यात दाबून बनवलेल्या पारंपरिक क्ले चिप्स साधारण साडेआठ ते दहा ग्रॅमच्या असतात. साडेअकरा किंवा चौदा ग्रॅम हे वजन येतं ते आत घातलेल्या धातूच्या चकतीमुळे. बाहेरचं अंग एबीएस प्लास्टिकचं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘क्ले कॉम्पोझिट’ छापलेलं असलं तरी त्यात मातीपेक्षा जाहिरातच जास्त. खात्री करायची तर फ्रिजवरचं छोटं मॅग्नेट खिशात टाकून जा. चिपला चिकटलं की आत लोखंडी चकती आहे हे उघड. म्हणून ती चिप टाकाऊ ठरत नाही. चकतीची चिप हातात भरीव लागते, टिकाऊ असते आणि बारमधल्या खेळाला पुरून उरते. फक्त साडेअकराच्या जागी चौदा ग्रॅम मिळतात म्हणून जास्तीचे पैसे मोजू नका. ५०० चिप्स चौदा ग्रॅमच्या म्हणजे सात किलो, पेटी वेगळी. आणि ती पेटी मुंबईच्या संध्याकाळच्या विरार फास्ट लोकलमध्ये कोणीतरी हातात धरून न्यायची असते, हेही ध्यानात असू द्या.

दुसऱ्या टोकाला असतात त्या दोनेक ग्रॅमच्या, कडांना खाचा असलेल्या प्लास्टिकच्या पातळ चकत्या. दिवाळीत घरी तीन पत्ती खेळायला त्या चालतात. बारमध्ये मात्र ओल्या टेबलावर एकमेकींना चिकटतात, कोपर लागलं की पूर्ण रास आडवी होते, आणि एकदा रास पडली की कोणाच्या किती होत्या यावरून जी बाचाबाची होते ती डाव संपेपर्यंत पुरते. स्वस्तातलं सगळ्यात महाग काम हेच.

आता खरा हिशेब. चिप्सच्या संचात किती चिप्स आहेत, याला फारसा अर्थ नसतो. कोणत्या रंगाच्या किती आहेत, यावर सगळं अवलंबून असतं. बाजारात मिळणाऱ्या ५०० च्या संचात बहुतेकदा १५०, १५०, १००, ५०, ५० अशी वाटणी असते. ३०० च्या संचात एका रंगाच्या १०० आणि बाकी चार रंगांच्या प्रत्येकी ५०. स्पर्धेच्या खेळात प्रत्येकाला सुरुवातीला लहान चिप्स सारख्या संख्येने द्याव्या लागतात, म्हणून सगळं घोडं पहिल्या दोन रंगांवर अडतं.

नेहमीची मांडणी अशी: प्रत्येकाला २५ च्या ८, १०० च्या ८, ५०० च्या ४ आणि १,००० च्या २. बेरीज ५,०००, चिप्स २२. पहिले ब्लाइंड, म्हणजे पत्ते वाटण्याआधी दोघांनी सक्तीने लावायच्या लहान-मोठ्या पैजा, २५-५० ठेवले तर हातात शंभर मोठे ब्लाइंड येतात, म्हणजे नवख्या माणसालाही श्वास घ्यायला जागा मिळते. अठरा खेळाडूंना यासाठी १४४, १४४, ७२ आणि ३६ चिप्स लागतात. ५०० च्या संचात हे चपखल बसतं. वर ६, ६, २८ आणि १४ चिप्स उरतात आणि पाचव्या रंगाच्या, म्हणजे ५,००० च्या, सगळ्या ५० जशाच्या तशा. सुरुवातीलाच चिप्सचा मोठा साठा (स्टॅक) हवा असेल तर याच मांडणीत प्रत्येकी ५,००० ची एक चिप वाढवा, १०,००० होतात. संच तोच पुरतो, फक्त रात्र लांबते.

उलट, ‘तीनशेचे दोन घेतले तर सहाशे होतात, शिवाय स्वस्त पडतात’ हा हिशेब फसवा आहे. दोन संच मिळून २००, १००, १००, १००, १०० होतात. दुसऱ्या रंगाच्या शंभरच चिप्स, प्रत्येकी ८ द्यायच्या तर बाराच माणसांना पुरतात. हात आखडून ५-५ दिल्या तर खेळ सुरू होतो, पण पहिल्या दहा मिनिटांत ‘सुटे आहेत का?’ हा बेस्टच्या बसमधला प्रश्न टेबलावर ऐकू यायला लागतो.

२५ ची चिप नकोच, असंही ठरवता येतं. सुरुवातीलाच ब्लाइंड १००-२०० ठेवायचे आणि प्रत्येकाला १०० च्या १०, ५०० च्या ८, १,००० च्या ५, ५,००० च्या २ द्यायच्या. झाले २०,०००, म्हणजे पुन्हा शंभर मोठे ब्लाइंडच. शून्यं वाढल्याने खेळ मोठा होत नाही, पण एक रंग कमी सांभाळावा लागतो आणि मध्ये एकदा चिप्स बदलण्याची कटकट वाचते. मात्र यासाठी ५०० च्या तयार संचाची वाटणी जुळत नाही. अठरा जणांना १८०, १४४, ९०, ३६ लागतात, म्हणून रंगवार सुट्या चिप्स देणारा विक्रेता शोधावा लागतो. सुट्या चिप्स सहसा २५ किंवा ५० च्या पुडक्यात मिळतात.

लहान चिप्स बदलण्याचं गणित संच घेतानाच करून ठेवा, कारण बहुतेक लीग तिथेच अडकतात. पंधरा-पंधरा मिनिटांचे टप्पे धरले तर ब्लाइंड २५-५०, ५०-१००, ७५-१५०, १००-२०० असे वाढवायचे आणि मग दहा मिनिटं सुट्टी. यानंतर २५ ची चिप लागत नाही, ती टेबलावरून काढायची. पुढे २००-४००, ३००-६००, ४००-८००, पुन्हा सुट्टी, आता १०० ची चिप बाहेर. मग ५००-१,०००, १,०००-२,०००, १,५००-३,०००, २,०००-४,०००. टेबलावर एकूण ९०,००० चा माल असल्यामुळे शेवटच्या एक-दोन टप्प्यांत निकाल लागतोच. साडेसातला पत्ते वाटले तर साडेदहा-पावणेअकराला उठता येतं.

पहिल्या सुट्टीत काय होतं बघा. २५ च्या १४४ चिप्स म्हणजे ३,६००. त्या बदलायला १०० च्या ३६ हव्यात, आणि पेटीत १०० च्या उरल्यात फक्त ६. इथे घाबरून जाऊन २५ च्या चिप्स तशाच पुढे ओढण्याची गरज नाही. ज्यांच्यापुढे १०० च्या राशी साठल्यात त्यांच्याकडून दोन्ही टेबलं मिळून ३० घ्या, बदल्यात पेटीतल्या ५०० च्या ६ द्या, आणि त्या छत्तीसांतून सगळ्यांच्या २५ च्या चिप्स मोडून घ्या. दुसऱ्या सुट्टीत १०० च्या दीडशे चिप्स गोळा होतात, १५,००० च्या. त्यांच्याऐवजी १,००० च्या १० आणि ५०० च्या १० दिल्या की काम झालं. पेटीत तेवढ्या असतातच.

प्रत्येकाकडे २५ च्या चिप्स चारच्या पटीत नसतात. कोणाकडे एक उरते, कोणाकडे तीन. एका टेबलावर अशा बारा उरल्या तर त्यांच्या १०० च्या तीन होतात. त्या कोणाला मिळणार हे पत्त्यांवर ठरवायचं: उरलेल्या प्रत्येक चिपमागे एक पत्ता उघडा वाटायचा, सगळ्यात मोठे पत्ते आलेल्या तिघांना एकेक चिप. एकाला दोन मिळत नाहीत. पत्ता सारखा आला तर इस्पिक, बदाम, चौकट, किलवर असा मान. आणि ज्याच्याकडे ती शेवटचीच चिप होती त्याला बाद करायचं नाही, १०० ची एक द्यायचीच. हा नियम पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेला बरा. नंतर सांगितला तर तो कोणाच्या तरी बाजूने केल्यासारखा वाटतो.

पहिल्या तासात बाद झालेल्याला एकदा परत बसू देत असाल तर त्याला १,००० च्या ४ आणि ५०० च्या २ द्या. असे तीन जण या संचात निघतात. चौथ्याला ५,००० ची एकच चिप, आणि सुटे शेजाऱ्याकडून.

चिपवर छापलेल्या आकड्यांकडे नीट पाहा. आकडेवाले बरेच संच १, ५, २५, १००, ५०० असे असतात. ते रोखीच्या खेळासाठी आखलेले, तिथे लहान चिप्स जास्त लागतात. त्यातल्या १५० चिप्स १ च्या, १५० चिप्स ५ च्या. तुमच्या कामाच्या रंगांना मग शंभर-पन्नासावरच समाधान मानावं लागतं. आकडा नसलेल्या, कडेला फाशाचे ठिपके असलेल्या चिप्स सगळ्यात स्वस्त. पण कोणता रंग कितीचा हे दर डावाला विचारणारा एक तरी गडी प्रत्येक टेबलावर असतोच. मधला मार्ग म्हणजे कोऱ्या चिप्स घेऊन त्यावर आपले स्टिकर लावणं. मधला खोलगट गोल साधारण एक इंचाचा असतो, तरी कॅलिपरने मोजून घ्या आणि स्टिकर अर्धा मिलिमीटर लहान कापून घ्या. काठोकाठ कापलेला स्टिकर कडेला उचलला जातो आणि नखाने खरवडायची सवय असलेला माणूस तो एका रात्रीत सोलतो. कागदी नको, व्हायनिल घ्या, वर मॅट लॅमिनेशन. चकाकी असली की बारच्या दिव्याखाली आकडा दिसत नाही.

जुना स्टिकर काढायचा असेल तर नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका. त्यात ॲसिटोन असेल तर एबीएस विरघळतं, चिपचा पृष्ठभाग पांढरट आणि चिकट होऊन बसतो. खोबरेल तेलाचं बोट फिरवा, अर्धा तास ठेवा, गोंद सुटतो. मग साबणाने धुवा, कारण तेल राहिलं तर नवा स्टिकर धरत नाही.

स्टिकरवर नुसते आकडे हवेत. रुपयाचं चिन्ह नको, ‘कॅश’ असा शब्दही नको. महाराष्ट्रात जुगारासाठी १८८७ चा प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे. राज्याचा १९७६ चा कॅसिनो कायदा कागदावरच राहिला आणि २०२३ मध्ये तोही रद्द झाला. पैसे लावून चालणाऱ्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली. तेव्हा प्रवेश फुकट, बक्षीस म्हणून गुण आणि फार तर एखादा करंडक, आणि चिपला कुठेही पैशाची किंमत नाही, हे बारमालकाला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा. परवाना त्याचा पणाला लागतो. टेबलाच्या कोपऱ्यात ‘फक्त गुणांसाठी’ असं लिहिलेला एक कागद ठेवला तर शेजारच्या गिऱ्हाइकालाही प्रश्न पडत नाही.

रंगांचा विषय दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली निकालात काढू नका. बारमध्ये पिवळा किंवा लालसर मंद उजेड असतो. त्यात पांढरी आणि पिवळी चिप एक होते, लाल आणि केशरी एक होते, आणि गडद निळी, गडद हिरवी, काळी या तिघींना तर दोन हातांवरून ओळखणं कठीण. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे खेळाडू असतात ते वेगळेच. त्यामुळे पाच रंग निवडताना फिका-गडद हा फरक आधी बघा: पांढरा, लाल, हिरवा, काळा, पिवळा असे पाच गोळा करून चालत नाही, शेजारी-शेजारी किमतीचे दोन रंग उजेडात आणि अंधारात वेगळे राहायला हवेत. मोबाइलने कृष्णधवल फोटो काढा. फोटोत दोन रंग सारखेच करडे दिसले तर बारमध्येही तेच होणार.

आणि चिप नेहमी वरूनच दिसते असं नाही. समोरच्या खेळाडूला दिसते ती राशीची कड. ठिपक्यांच्या स्वस्त चिप्समध्ये सगळ्या रंगांच्या कडेला तेच पांढरे पट्टे असतात, म्हणून लाल राशीत सरकलेली एक निळी चिप लपून बसते. कडेच्या पट्ट्यांचा रंग किंवा संख्या प्रत्येक किमतीला वेगळी असेल तर असा संच थोडा महाग पडला तरी घ्यावा. जास्तीचा पैसा टाकण्यासारखी ही एकच जागा. सिरॅमिकच्या दहा ग्रॅमच्या चिप्समध्ये ही सोय सगळ्यात चांगली असते: छपाई पृष्ठभागातच मुरवलेली, कडेपर्यंत हवी ती नक्षी, सोलायला स्टिकर नाही. पण त्या महाग असतात, आणि पांढऱ्या भागावर चखण्याचे हात लगेच उमटतात. पहिल्या वर्षाच्या लीगला त्यांची घाई नको.

खरेदीला क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट धरा. मशीद बंदरला उतरून किंवा सीएसएमटीहून चालत. खेळणी आणि भेटवस्तूंची घाऊक दुकानं तिथे ओळीने आहेत. रविवार टाळा. संच उघडून दाखवा म्हणून सांगा. दुकानदार जरा कुरकुरेल, दाखवेल. मग वीस-वीस चिप्सच्या दोन राशी शेजारी उभ्या करा. नेहमीची चिप ३९-४० मिलिमीटर रुंद आणि साडेतीन मिलिमीटरच्या आतबाहेर जाड असते, म्हणजे वीसची रास सत्तर मिलिमीटरच्या जवळपास. दोन राशींच्या उंचीत अर्ध्या चिपचा फरक दिसला तर तो संच सोडा. पोकरमध्ये सगळेच जण राशीला रास लावून मोजतात, आणि तिथेच चूक झाली तर मग दर वेळी एकेक मोजत बसावं लागतं. आता एक चिप टेबलावर सपाट ठेवून बोटाने गरकन फिरवा. भोवऱ्यासारखी फिरत राहिली तर तिचं पोट फुगलेलं आहे, स्टिकर किंवा मधला भाग कडेपेक्षा वर आलाय. अशा चिप्सची रास सनमायकावर पंख्याच्या वाऱ्यानेही सरकते. शेवटी कडेवरून नख फिरवा. साच्याच्या जोडावर प्लास्टिकची बारीक पाती राहिलेली असेल तर ती बोटाला लागते. एखाद-दुसरी पॉलिश पेपरने घासता येते, पाचशे नाही.

ऑनलाइन मागवलात तर खोकं उघडतानाच व्हिडिओ करा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर दहा चिप्स एकत्र तोला. साडेअकराच्या म्हणून घेतलेल्या दहांचं वजन ११५ च्या जवळ यायला हवं. ते ऐंशी-नव्वद आलं तर चकती लहान आहे किंवा नाहीच, आणि मग किंमतही त्याच हिशेबाने हवी. भाव लावताना पूर्ण संचाचा आकडा बघू नका. डिलिव्हरीसकट किंमत घ्या, तुमच्या मांडणीत खरोखर उपयोगी पडणाऱ्या चिप्सनी भागा. समजा ५०० चा संच ४,५०० ला पडला, तर चिप ९ रुपयांना वाटते. पण तुमच्या मांडणीत त्यातल्या ३०० च कामाच्या असतील तर ती १५ ला पडली.

ॲल्युमिनियमच्या चकचकीत पेटीवर भाळू नका. ते बहुधा पातळ पत्रा चिकटवलेलं प्लायवुडसारखं खोकं असतं. सात किलो भरून उचलल्यावर आधी मूठ सैल होते, मग मागच्या बिजागरीचे रिव्हेट सुटतात. आतला स्पंज पावसाळ्यात ओल धरतो, ऑगस्टपर्यंत वास मारायला लागतो. शंभर चिप्सचे ॲक्रिलिक ट्रे मिळतात, वीसच्या पाच ओळींचे. असे पाच ट्रे दोन पिशव्यांत विभागून न्या. मोजणीही आपोआप होते: खेळ संपल्यावर ओळ भरली नाही की कुठल्या रंगाची चिप गेली ते तिथल्या तिथे कळतं, आणि वेटर टेबल पुसायच्या आत खाली वाकून शोधता येतं. जून ते सप्टेंबर ट्रेमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, बंद खोक्यात महिनाभर विसरू नका.

चखण्याचं काय करायचं, यावर उपाय एकच: मसाला पापड आणि शेंगदाणे शेजारच्या छोट्या टेबलावर, आणि खेळाडूंच्या हाताशी कागदी रुमाल. बिअर सांडली तर ओल्या चिप्स तशाच ट्रेमध्ये भरू नका, साखर आणि मीठ सुकून त्या एकमेकींना धरतात. घरी कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ टूथब्रश, आणि लगेच सुती कापडावर उभ्या-आडव्या पसरून वाळवणं. भिजत घालू नका, स्टिकर सुटतात. उकळतं पाणी तर नकोच, पातळ प्लास्टिक वाकतं.

टेबल ग्रॅनाइटचं किंवा सनमायकाचं असेल तर खाली काहीतरी अंथरा. मंगळदास मार्केटमधून जाड कापड घेऊन त्याखाली ड्रॉवरमध्ये घालतात तसला न घसरणारा रबरी जाळीचा रोल टाकला तरी भागतं. चिप्सच्या कडा वाचतात आणि पत्ता उचलताना नख अडत नाही. वाचवलेले पैसे पत्त्यांवर घाला. दर टेबलाला दोन वेगळ्या पाठीच्या रंगांचे, पूर्ण प्लास्टिकचे जोड, म्हणजे एक वाटला जात असताना दुसरा पिसता येतो. कागदी पत्ते बारमध्ये एक रात्रही टिकत नाहीत. ओल्या ग्लासाचा गोल उमटलेला एक्का सगळ्यांना पाठीवरूनच ओळखू येतो.

पहिल्याच खरेदीत प्रत्येक रंगाच्या पुढच्या गरजेपुरत्या जास्तीच्या चिप्स घेऊन ठेवा, विशेषतः २५ आणि १०० च्या. याच चिप्स खेळाडूंच्या खिशातून घरी जातात. नंतर त्याच दुकानातून तोच रंग मागितला तरी नव्या लॉटची छटा वेगळी निघते, कधी जाडीही थोडी वेगळी, आणि राशीत ती चिप लगेच उठून दिसते. असा वेगळ्या छटेचा माल घ्यावाच लागला तर तो जुन्यात मिसळू नका. एक पूर्ण रंग नव्या लॉटने बदला आणि जुन्या चिप्स तिसऱ्या टेबलासाठी बाजूला ठेवा.